चल, पाणी पिऊन येऊ

यवतमाळात नवरात्रात ज्याला गाणं-बजावणं नको असेल, त्यानं सरळ बदली मागून घ्यावी. चौकाचौकात देवी, देवीपुढे मंडप, मंडपाशेजारी स्टेज आणि स्टेजवर रोज संध्याकाळी काही ना काही. कुठे ऑर्केस्ट्रा, कुठे जागरण, कुठे बाहेरगावाहून आणलेली भजन पार्टी, आणि काहीच जमलं नाही तर कॉलनीतल्या बायकांची अंताक्षरी. आमच्या कॉलनीचं मंडळ लहान, पण हौस दांडगी. माझी आई घाटंजीकडच्या आमच्या गावाहून घट बसले की दुसऱ्याच दिवशी एसटीनं येते. पिशवीत तुरीची डाळ आणि दोन पातळं. घरच्या घटाचं भावजय बघते. आल्या आल्या आई सांगते, "नातीले पाहाले आली." खरं कारण स्टेजवर असतं.

आईला गाण्याचं वेड आहे. दुसरा शब्द नाही. स्वतः एक ओळ गुणगुणणार नाही, पण ऐकायला बसली की चहासुद्धा नको म्हणते. गेल्या वर्षीचा ढोलकीवाला यंदा बदलला असेल तर तिला पहिल्या थापेत कळतं. गायकाचा घसा बसलाय की तो नुसता मेहनत वाचवतोय, हे ती माझ्या कानाशी येऊन सांगते आणि बहुतेक वेळा ते खरं असतं. नाटकही तिला आवडतं, पण त्यात गाणी हवीत. "नुस्तं बोलाचंच असन तं ते आपल्या घरी बी बोलतेत," असं तिचं म्हणणं.

अशी आई असली तर माणसानं चारचौघांत कौतुकानं सांगावं. मी मात्र तिच्यासोबत कुठल्याही कार्यक्रमाला गेले की आधी बाहेर पडायचा रस्ता बघून ठेवते. कारण माझ्या आईच्या अंगात येतं.

हे वाक्य लिहून झाल्यावर मी मागे वळून पाहिलं, कोणी वाचत तर नाही ना. घरात कोणी नव्हतं. तरी पाहिलं. मी शाळेत विज्ञान शिकवते.

गावात या गोष्टीची लाज कोणालाच नव्हती. देवळापुढे गोंधळ असला आणि संबळाची लय वाढली, की आईची मान आधी हळूहळू डावी-उजवी व्हायची, मग अंबाडा सुटायचा आणि ती घुमायला लागायची. आजूबाजूच्या बायका सवयीनं पुढे सरकायच्या. एक तिचे केस आवरायची, एक हळदकुंकू लावायची, एखादी पाया पडून आपल्या सुनेचं विचारून घ्यायची. लय उतरली की आई तिथंच खाली बसायची, लिंबूपाणी प्यायची आणि पदर सारखा करत विचारायची, "कोणाले लागलं तं नाई ना?" मग घरी येऊन चूल पेटवायची. दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला वावरात हजर. आम्हा भावंडांना तर त्याचा फायदाच होता. त्यानंतर काही दिवस शाळेत कोणी आमच्या वाटेला जायचं नाही.

पुढे मी शिकले, आणि ते काय असतं तेही शिकले. लयीचा मेंदूवर होणारा परिणाम, अंगातला थकवा, दाबून ठेवलेलं मन, बाईला एरवी कोणी मोठ्यानं बोलू देत नाही म्हणून शोधलेली वाट. हे सगळं मी मुलांना फार छान समजावून सांगते. अंधश्रद्धेवरच्या माझ्या भाषणाला तर मागणी आहे. आजूबाजूच्या शाळा मला मुद्दाम बोलावून नेतात, शाल देतात, चहा पाजतात. भाषणात मी ‘आपल्या आया-बहिणी’ असं म्हणते. ‘माझी आई’ असं आजवर एकदाही म्हटलेलं नाही.

आम्ही या कॉलनीत घर बांधून राहायला आलो तेव्हा मुलगी सातवीत होती. पहिल्याच नवरात्रात आई आली, आणि पहिल्याच कार्यक्रमाला पुढच्या सतरंजीवर जाऊन बसली. ऑर्केस्ट्रा बरा होता. जुनी सिनेमाची गाणी झाली, एक लावणी झाली, आई खुशीत होती. मी मागे नव्या शेजारणींशी ओळखी करून घेत होते. शेवटी गायिकेनं देवीचं गाणं धरलं आणि वाजवणाऱ्या मुलानं ऑक्टोपॅडवर संबळाचा आवाज लावला. मी निर्धास्त होते. म्हटलं, हे काय खरं संबळ आहे थोडंच. पण देवीला ऑक्टोपॅडही चालतो, हे त्या संध्याकाळी कळलं.

आईचे केस सुटले. ती उठली आणि स्टेजपुढे घुमू लागली. कॉलनीतल्या बायकांचे दोन गट पडले. एक गट पाया पडायला पुढे धावला, दुसऱ्यानं मोबाईल काढले. नोकरीच्या गावाहून सुट्टीवर आलेले आमचे हे कोपऱ्यात जाऊन रिकाम्या खुर्च्या एकावर एक रचू लागले, जणू त्यासाठीच मंडळानं त्यांना नेमलं होतं. मी जागची हलले नाही. हातात कोणाच्या तरी बाळाची दुधाची बाटली होती, ती घट्ट धरून उभी राहिले. शेजारीण म्हणाली, "कोणाच्या आहेत हो या?" मी म्हटलं, "बघते," आणि बघायला गेल्यासारखी गेले.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये एक मॅडम जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "तुमच्या आईंना विचारून सांगाल का, आमच्या मुलीचं यंदा जमेल का ते?" त्या गणिताच्या शिक्षिका आहेत. तेही सहन झालं असतं. पण त्याच आठवड्यात वर्गात माझा आवडता पाठ आला. मी नेहमीसारखी रंगात येऊन बोलले. तास संपता संपता कॉलनीतल्याच एका मुलीनं हात वर केला आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "मॅडम, तुमच्या आईच्या अंगात येतं, ते खरं असतं की खोटं?"

खरं म्हणावं तर पाठ खोटा. खोटं म्हणावं तर आई खोटी. वर्ग गप्प बसून वाट पाहत होता. एरवी मला त्यांना गप्प बसवायला पट्टी आपटावी लागते. मी म्हटलं, "पुढचा धडा काढा." त्या दिवशी लाज माझी मला वाटायला हवी होती. मला आईची वाटली. घरी आले तर ती अंगणात पोळ्यांचं पीठ चाळत बसली होती, आणि मी तिच्याशी जेवेपर्यंत बोलले नाही. तिनं एकदाच विचारलं, "डोकं दुखून राह्यलं का तुह्यं?" मी हो म्हटलं.

त्यानंतर मी बंदोबस्त सुरू केला. आईला कार्यक्रम बंद करायला सांगण्याची हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर तेवढी दुष्टही नव्हते. मी वेगळा रस्ता काढला. आता मी तिच्या शेजारी बसू लागले. देवीच्या गाण्याचा पहिला सूर आला की तिच्या कोपराला धरून म्हणायचं, "आई, चल, पाणी पिऊन येऊ." की ती उठायची. मी तिला मंडपाच्या बाहेर, मग गल्लीच्या टोकापर्यंत, गाणं ऐकू येणार नाही इतकं लांब न्यायचे आणि बाटली पुढे करायचे. सुरुवातीला ती म्हणायची, "आत्ता तं पेली पाणी." पुढे म्हणेनाशी झाली. मुकाट्यानं दोन घोट घ्यायची. यवतमाळात उन्हाळ्यात पाण्यासाठी लोक टँकरमागे धावतात, पण माझ्या आईला बारा महिने पाण्याची कमतरता पडली नाही.

या कामात मी इतकी तरबेज झाले की ऑर्गनवाल्यानं पट्टीवर बोट ठेवण्याआधी मला पुढचं गाणं कळायचं. गायिका पदर खोचते कशी, वादक संबळाचा पट्टा कधी गळ्यात घालतो, निवेदक ‘आता थोडं भक्तीच्या वाटेनं’ असं कधी म्हणतो, सगळं पाठ. लोक गाणं ऐकायला जात, मी पहारा द्यायला. कित्येक वर्षांत एकही गाणं मी धड ऐकलं असेल असं वाटत नाही.

नाटकांचं तर विचारूच नका. आमच्याकडच्या संगीत नाटकात दुसऱ्या अंकात कुठेतरी गोंधळ, जोगवा नाहीतर देवीची जत्रा असायचीच. मग मी मध्यंतरातच आईला घरी आणायचे. सकाळी शाळा आहे, डोकं दुखतंय, रिक्षा मिळणार नाही, काहीही. रिक्षात बसल्यावर आई विचारायची, "मंग पुढं काय झालं असन?" आणि मी उरलेलं नाटक तिला रचून सांगायचे. हरवलेला मुलगा सापडायचा, सावत्र आईला पश्चात्ताप व्हायचा, सगळ्यांची लग्नं लागायची. एकदा ती बाहेर बघत म्हणाली, "तुह्या नाटकात कोणी मरतच नाई वं." मी हसले. ती हसली की नाही ते अंधारात दिसलं नाही.

मुलगी कॉलेजात गेली आणि नाटकवाल्यांच्या नादी लागली. काही मुलं, दोन-चार नोकरीवाले हौशी लोक, असा त्यांचा ग्रुप. गेल्या वर्षी त्यांनी स्वतःच लिहिलेलं एक संगीत नाटक बसवलं. गावच्या पाटलाची विधवा बहीण आणि तिच्या वाट्याचं शेत, अशी काहीशी गोष्ट. माझ्या मुलीला त्या बहिणीचं काम मिळालं. आजवर ती कोरसमध्ये उभी राहायची. पहिल्यांदाच एकटीचं गाणं मिळालं होतं. मी पेढे आणले. मग विचारलं, "गाणं कसलं आहे?"

"गोंधळ," ती म्हणाली. "दुसऱ्या अंकात. मीच म्हणते पूर्ण. आणि मम्मी, ऑक्टोपॅड नाही बरं. दारव्ह्याकडचे एक काका येतात, खरं संबळ घेऊन."

मी पेढ्याचा बॉक्स बंद केला. म्हटलं, "आजीला इतक्यात सांगू नको. हिवाळ्यात तिला प्रवास होत नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला सगळं ठाऊक आहे. सातवीत असताना तिनंही ते मोबाईलवाले पाहिले होते, आणि शाळेत ऐकूनही घेतलं होतं. पण ती माझ्यासारखी नाही. ती म्हणाली, "येऊ दे ना अंगात. काय होईल?"

"काय होईल? दुसऱ्या रांगेत आमच्या मुख्याध्यापिका असतील. तुझं पहिलं गाणं, आणि लोक तुला सोडून मागे बघतील. मोबाईल काढतील. चालेल तुला?"

"मला चालेल," ती म्हणाली. "मला आजी हवी आहे. आणि तू तिला पाणी पाजायला बाहेर नेलंस तर माझ्याशी बोलू नको."

तिनं त्याच दिवशी मामाच्या फोनवर आजीला सगळं सांगून टाकलं. प्रयोगाच्या आदल्या दिवशी आई एसटीतून उतरली. शाल पांघरलेली, पिशवीत तुरीच्या शेंगा. "मले पोट्टीचं गाणं पाह्याचं हाय," एवढंच म्हणाली. वावरात कापणीला आलेली तूर सोंगायची होती, म्हणून प्रयोगाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी परत जायचं, असं भावानं बजावून पाठवलं होतं.

त्या संध्याकाळी मी शेंगा सोलताना म्हटलं, "आई, त्या नाटकात गोंधळ आहे." इतक्या वर्षांत हा विषय आम्ही दोघींनी पहिल्यांदा तोंडानं काढला.

"माहीत हाय. तिनं सांगतलं."

"मग?"

आईनं सोललेले दाणे वाटीत टाकले. "मी बसून राहीन. काई होऊ देनार नाई."

"नक्की?" मी विचारलं. परीक्षेला जाणाऱ्या पोराला विचारावं तसं. ती माझी आई आहे, सत्तरी ओलांडलेली. तिनं मान खाली घालून म्हटलं, "नक्की."

प्रयोग दुपारचा होता. मुलीनं आम्हाला तिसऱ्या रांगेचे पास दिले होते. मी ते एका ओळखीच्या बाईंना देऊन त्यांच्याकडून शेवटच्या रांगेचे घेतले, दाराजवळचे. आईला सांगितलं, इथून स्टेज सबंध दिसतं. ती म्हणाली, "हो, दिसते ना." पहिला अंक चांगला झाला. आई रंगली होती. "हा ऑर्गनवाला घाई करून राह्यला," ती मध्येच कुजबुजली. मुलगी आली तेव्हा तिनं माझा हात दाबला आणि बराच वेळ सोडला नाही. मला वाटलं, किती साधी गोष्ट आहे ही, नातीचं नाटक बघायला आलेली आजी. सगळ्या घरांत अशा आज्या असतात.

मध्यंतरात आम्ही आलूबोंडा खाल्ला, चहा घेतला. आई बाथरूमला गेली आणि बराच वेळ बाहेर येईना. मी दारासमोर येरझारा घालत होते, मनात नाही नाही ते. शेवटची घंटा झाली तेव्हा ती पदर डोक्यावरून घट्ट ओढून बाहेर आली. आम्ही जागेवर पोचलो तोवर दिवे गेले होते.

दुसरा अंक सुरू झाला आणि आईनं दोन्ही पाय वर घेऊन खुर्चीत मांडी घातली. सभागृहात, गादीच्या खुर्चीवर, वावरातल्या खाटेवर बसल्यासारखी. शेजारी एक नीटनेटकं जोडपं होतं. त्या बाईनं आपली साडी आवरून घेतली. मी आईकडे झुकून म्हटलं, "आई, पाय खाली घे." तिनं लक्ष दिलं नाही. मी पुन्हा म्हटलं, जरा कडक आवाजात. ती स्टेजकडे बघत राहिली. मला इतकी शरम वाटली की मी त्या बाईंकडे बघून ओशाळं हसले. आजारी माणूस सोबत असलं की हसतात तसं.

पाटलाचा प्रवेश झाला. गडी दिवट्या घेऊन आले. कडेला ते संबळवाले काका पट्टा गळ्यात अडकवताना दिसले. माझं अंग आपोआप उठलं. मुलीनं बजावलं होतं, आईनं ‘नक्की’ म्हटलं होतं, तरी मी तिच्या कोपराला धरलं आणि म्हटलं, "आई, चल, पाणी पिऊन येऊ."

ती हलली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. मी ओढलं. तिनं दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे असे धरले होते की बोटं पांढरी पडली होती. तेवढ्यात संबळ सुरू झालं.

मग मी फक्त तिच्या मानेकडे बघत राहिले. गाणं सुरू झालं, संथ लय, मग दुप्पट, मग आणखी वर. आता हलेल, आता अंबाडा सुटेल. मी एका हातानं पर्स काखेत मारली, दुसरा तिच्या पाठीमागे धरला, पडली तर सावरायला आणि उठली तर दाबून बसवायला. तिचे डोळे स्टेजवर खिळले होते आणि गालावरून पाणी वाहत होतं. पण मान हलली नाही. टाळ्या पडल्या, पुढून कोणीतरी ‘वन्स मोअर’ ओरडलं, मुलीनं शेवटचं कडवं पुन्हा म्हटलं. तरी मान हलली नाही. समोरच्या रांगांत कोणीही मागे वळून पाहिलं नाही.

माझा जीव भांड्यात पडला. आणि नुसता पडला नाही, मला आईचा अभिमान वाटला. मनात चक्क पुढच्या भाषणाचा मजकूर तयार होऊ लागला. एक वृद्ध खेडूत स्त्री, वर्षानुवर्षांची सवय, आणि केवळ मनाच्या निर्धारानं तिनं ती मोडली. नाव न घेता सांगता येईल, असंही ठरवलं. परत येताना रिक्षात मी तिच्या मांडीवर थाप मारून म्हटलं, "बघ आई, मनावर घेतलं तर जमतं की नाही?" ती बाहेर दुकानांचे दिवे बघत होती. मला वाटलं, भरून आलं असेल.

घरी येऊन मी चहा ठेवला. तोवर मुलगी मैत्रिणीच्या स्कूटीवरून आली. चेहऱ्यावरचा रंग अर्धा पुसलेला, केसांत पिना तशाच. ती धावत येऊन आजीच्या पाया पडली आणि तिच्यासमोर खाली बसली. "आजी, कसं झालं?"

"लय साजरं, माय. लय साजरी दिसली."

"दिसली ते सोड. गाणं सांग. शेवटी मी वर गेले ना, तिथं आवाज फाटला का गं?"

"हो ना, लय साजरी," आई म्हणाली आणि तिच्या गालावरून हात फिरवला.

मुलगी हसली, मग हसता हसता थांबली. तिनं पुढे होऊन आजीच्या डोक्यावरचा पदर मागे सारला. दोन्ही कानांत तेलात भिजवलेल्या कापसाचे बोळे होते, गच्च बसवलेले. तेल ओघळून मानेपर्यंत आलं होतं. मी सबंध गाणंभर त्याच मानेकडे बघत होते, पण पदराच्या वरून.

मुलीनं एक बोळा काढला. आईनं चोरी पकडली गेल्यासारखं आधी माझ्याकडे पाहिलं. "मध्यंतरात घातले," ती म्हणाली. "घरूनच आनलते. तरी संबळाचं खालून पायात येतेच. म्हून पाय आधीच वर घेतले. मंग बोळे काढाले सवडच नाई भेटली." मग मला म्हणाली, "तू काई म्हणत होती तठी. रागावली अशीन. मले ऐकू नाई आलं वं."

माझ्या हातात चहाची कपबशी होती. ती कुठे ठेवायची ते सुचेना. इतक्या लांबून, थंडीत, नातीचं गाणं ऐकायला आलेली बाई ते न ऐकता बसली होती, मी मान खाली घालू नये म्हणून. तिनं फक्त ओठ पाहिले. मी तर तेही पाहिले नाहीत. पोरीनं पहिल्यांदा एकटीनं गाणं म्हटलं आणि तिच्या घरच्या दोघींपैकी एकीलाही ते मिळालं नाही. मला शरम वाटली, आणि यावेळी ती कोणाच्या नावावर टाकायला जागा नव्हती.

मुलीनं डोळे पुसले. "मग आता ऐक," ती म्हणाली. "इथंच म्हणते. सगळं." ती मांडी घालून सरळ बसली आणि दिवाणाच्या फळीवर बोटांनी ताल धरून पाहिला. आईनं दुसऱ्या कानातला बोळा स्वतः काढला. तिचा चेहरा असा उजळला की मला ती गावातली, देवळापुढची बाई दिसली. मग तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "म्हणू देऊ का वं इले?"

लेकीच्या घरात, नातीच्या गाण्याला ती माझी परवानगी मागत होती.

"म्हणू दे ना. त्यात काय विचारायचं?" मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं. आणि उठून शेजाऱ्यांच्या बाजूची खिडकी लावून घेतली.

ठरवून नाही केलं. हातच गेला. कडी जरा जोरात बसली, आणि आता आईच्या कानांत काही नव्हतं.

तिनं खिडकीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. फळीवरचा नातीचा हात तिनं आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, "राहू दे, माय. थकली अशीन तू. उद्या म्हणजो."

सकाळच्या एसटीनं ती परत जाणार होती, हे आम्हा तिघींनाही माहीत होतं.